सावकाशकाका टर्बोवर

सावकाशकाकांचं अख्खं आयुष्य लिफ्टमध्ये गेलं. म्हणजे लिफ्ट तपासण्यात गेलं. लिफ्टच्या आत काचेखाली तो कागद लावलेला असतो ना, ‘जास्तीत जास्त सहा माणसे’ वगैरे, त्याच्या तळाशी आमच्या भागात बहुतेक ठिकाणी त्यांचीच सही असायची. नोकरी संपली, पण सवय संपली नाही. दारातून चार माणसं एकदम शिरायला लागली की काका हात आडवा घालून म्हणायचे, “सावकाश!” कुणी जिन्यावरून धावलं, सावकाश. कुणी गरम चहा तोंडाला लावला, सावकाश. एकदा तळमजल्यावरच्या बाईंना शिंक येता येता अडली होती, तेव्हाही ते हेच म्हणाले. शिंक परत गेली आणि काकांना नाव मात्र कायमचं चिकटलं.

त्यांना आणखी एक खोड होती. माणसाकडे नुसतं बघून ते वजन सांगायचे. घरी पाहुणा आला की ‘या, बसा’ म्हणायच्या आधी ओठांतल्या ओठांत पुटपुटायचे, “एक्याऐंशी.” काकू कोपराने ढोसायच्या. पाहुण्याला वाटायचं, आपलं वय इतकं दिसतं की काय! बिचारा घरी जाऊन केस रंगवायचा.

तर या काकांचा उजवा गुडघा कुरकुरायला लागला. ते गुडघ्याच्या डॉक्टरांकडे गेले.

“सायकल चालवा,” डॉक्टर म्हणाले.

“या वयात?”

“याच वयात.”

“आणि चढ आला तर?”

“बॅटरीवाली घ्या. पाय तुमचे, जोर तिचा.”

“आणि ब्रेक?”

डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

काका सायकलच्या दुकानात गेले. दुकान एका हसऱ्या, चटपटीत बाईंचं होतं. काकांनी बॅटरीवाल्या सायकलीभोवती तीन फेऱ्या मारल्या, चाकं फिरवून बघितली, साखळीला नखाने टिचकी मारली आणि विचारलं, “यावर एका वेळी किती माणसं?”

“एक.”

“तसं कुठे लिहिलेलं दिसत नाही.”

“काका, सीट एकच आहे.”

“लिफ्टमध्ये एकही सीट नसते. म्हणून काय कुणी चढत नाही?”

बाईंनी हँडलवरची बटणं दाखवायला घेतली. बटणं तीन होती. इको, नॉर्मल आणि टर्बो. “इकोवर सायकल तुम्हाला साथ देते. नॉर्मलवर हात देते. आणि टर्बोवर...”

“टर्बोवर?”

“टर्बोवर तुम्हीच बघा,” असं म्हणून बाई गालातल्या गालात हसल्या.

काकांना ते हसणं मुळीच आवडलं नाही. “टर्बो काढून मिळेल का?” त्यांनी विचारलं. मिळणार नव्हता. म्हणून सायकल घरी आल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं, तर जखमेवर लावायची चिकटपट्टी घेऊन टर्बोच्या बटणावर डकवून टाकली.

सायकल हॉलमध्ये राहिली, सोफा आणि कपाटाच्या मधे. काकांनी तिला मागच्या चाकाचा स्टँड लावला. चाक जमिनीपासून चार बोटं वर आणि जागच्या जागी फिरणारं. डोक्यावर हेल्मेट, गुडघ्यांना पॅड, कोपरांना पॅड, हँडलला दोन्ही बाजूंनी आरसे, अशा थाटात काका रोज सकाळी टीव्हीसमोर बसून पेडल मारायचे.

टेकडीवर राहणाऱ्या मोठ्या बहिणीला ते फोनवर अभिमानाने सांगायचे, “ताई, आज बारा किलोमीटर झाले.”

“अरे वा! कुठवर गेलास?”

“हॉलमध्ये.”

ताई टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या. जुन्या काळी लाइन खराब असली तरी पलीकडच्या गावाला ऐकू जाईल असा आवाज त्यांनी कमावला होता आणि तो अजून जसाच्या तसा होता. “छोट्या,” त्या म्हणाल्या, “सायकल आणलीस की पाळलीस?”

काकूंनी बरेच दिवस तोंडातून ब्र काढला नाही. सायकलवर बसलेल्या नवऱ्याच्या भोवतीने केर काढायचा, पाय उचला म्हटलं तर ते म्हणणार, “वेगात आहे, आत्ता उचलता येणार नाही.” किती दिवस चालवून घेणार? एके दिवशी काका न्हाव्याकडे गेले. काकूंनी सायकलचा स्टँड काढला, सायकल लिफ्टमध्ये उभी घातली आणि खाली गेल्या.

न्हाव्याच्या खुर्चीत काका अर्ध्या गालाला साबण लावून बसले होते. समोर आरसा. आरशात मागचा रस्ता दिसत होता. आणि त्या रस्त्यावरून, डावीकडून उजवीकडे, घंटी वाजवत, केस उडवत, चक्क हसत, त्यांची बायको निघून गेली.

“सावकाश!” काका ओरडले आणि उठले. फेसाचा एक गोळा उडून शेजारच्या गिऱ्हाइकाच्या चष्म्यावर बसला. काका दारात पोचेपर्यंत काकू कोपऱ्यावरून दिसेनाशा झाल्या होत्या.

घरी मग जे व्हायचं ते झालं.

“चाचणी पूर्ण व्हायच्या आधी वाहन रस्त्यावर काढलंस?”

“झाली की चाचणी. पास झालीय,” काकू पिशवी रिकामी करत म्हणाल्या. त्यांचे गाल लालबुंद झाले होते.

“पास कुणी केली? सही कुणाची?”

काकूंनी त्यांच्या हातात एक कोबी ठेवला. “ही घ्या सही. मंडईतून आणलाय, टेकडीच्या पलीकडच्या. तिथे ताजा मिळतो हे मला इतक्या वर्षांत आज कळलं.”

त्या दिवसापासून काकू रोज सायकल नेऊ लागल्या. सायकल बाहेर, त्यामुळे काकांचा हॉलमधला प्रवास बंद पडला. ते खिडकीत उभे राहून रस्त्याकडे बघत बसत. काकू परत येताना दिसल्या की घाईघाईने सोफ्यावर जाऊन पेपर उघडत. पेपर उलटा आहे हे त्यांना काकूच दाखवून देत.

असं करता करता ताईंची पंचाहत्तरी आली.

ताईंचं घर टेकडीवर, अगदी शेवटचं. वर जायला एक चढाचा रस्ता आणि दुसऱ्या अंगाने पायऱ्या. रस्त्यात पाण्याच्या नळांसाठी खोदाई चालू होती, त्यामुळे एकही गाडी वर जात नव्हती. काकू मदतीला म्हणून सकाळीच गेल्या. संध्याकाळी घरात फोन वाजला.

“बेकरीत केक तयार आहे,” काकू म्हणाल्या. “मी सांगून ठेवलंय, तुम्ही घेऊन याल म्हणून.”

“मी? अगं, टॅक्सी वर येत नाही.”

“माहितीये.”

“पायऱ्या माझ्या गुडघ्याला झेपत नाहीत.”

“तेही माहितीये.”

“मग केक येणार कसा?”

“हॉलमध्ये बघा.”

काकांनी वळून बघितलं. सायकल जागेवर होती. बॅटरी काठोकाठ भरलेली होती. हँडलला हेल्मेट लटकत होतं.

“तू आज सायकलने नाही गेलीस?”

“पायऱ्यांनी आले.”

“मुद्दाम?”

काकू काही बोलायच्या आत मागून ताईंचा आवाज आला, “छोट्या! केक घेऊन ये, नाहीतर येऊच नकोस!” काकांनी फोन हातभर लांब धरला. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो. आम्हालाही स्पष्ट ऐकू आलं.

पुढचा मागचा विचार करायला वेळ नव्हता, तरी काकांनी तो केलाच. बेकरीत जाऊन त्यांनी केकचा खोका दोन्ही हातांत तोलला. “पावणेतीन किलो,” ते म्हणाले. बेकरीवाल्याने काट्यावर ठेवून बघितला. काटाही तेच म्हणत होता. काकांनी खोका मागच्या कॅरियरवर दोरीने असा बांधला की भूकंप झाला असता तरी केक जागचा हलला नसता. मग ते मागे सरले आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“मागे एवढा भार. पुढे काय?”

“पुढे तुम्ही,” बेकरीवाला म्हणाला.

“मी मधे. लिफ्टला एका बाजूला माणसं असतात, तर दुसऱ्या बाजूला वजनं असतात. त्याशिवाय तोल नाही.” त्यांनी दुकानात नजर फिरवली. “तेवढ्या भाराचे पाव द्या.”

अशा रीतीने मागे केक आणि पुढच्या टोपलीत पावांचा ढीग घेऊन काका निघाले. इकोवर.

आणि काय सांगू, सायकल चालत होती! हॉलमध्ये कितीही पेडल मारलं तरी समोर टीव्हीच असायचा. इथे औषधांची पाटी जवळ आली आणि मागे गेली. एक खांब आला, तोही मागे गेला. चेहऱ्याला वारा लागत होता. काकांनी पहिल्यांदा इकडेतिकडे बघितलं, की हा पंखा कुणी लावला?

चढाच्या पायथ्याशी मात्र त्यांचा जीव खालीवर झाला. रस्त्यावर आडवी लाल-पांढरी पट्टी बांधली होती आणि पाटी होती, ‘वाहनांना बंदी’. काकांनी आयुष्यात एकही पाटी मोडली नव्हती. सायकल हे वाहन आहे का? नसावं. पण बॅटरीची सायकल? बॅटरी लावली की वाहन होत असेल का? पाय चालवतात म्हणावं तर अर्धा जोर बॅटरीचा. म्हणजे निदान अर्धं वाहन तरी झालंच. आणि अर्ध्या वाहनाला अर्धी बंदी असते का?

खड्ड्यात उभ्या असलेल्या मजुराला दया आली. त्याने फावड्याच्या दांड्याने पट्टी वर उचलली. “जा की काका, सायकलच तर आहे.”

काका मान खाली घालून, अंग चोरून, गुन्हेगारासारखे पट्टीखालून निसटले. पण केकच्या खोक्यावर त्यांनी मारलेली ती भक्कम गाठ होती ना, तिच्या टोकात पट्टी अडकली. काका पुढे, पट्टी मागे. पट्टीला बांधलेले दोन प्लॅस्टिकचे लाल शंकूही टण्ण टण्ण उड्या मारत मागे निघाले.

पिवळं जाकीट घातलेले मुकादम बाजूला चहा पीत होते. त्यांनी कप टाकला. “अहो काका! थांबा! पट्टी! पट्टी!”

काकांच्या कानांवर हेल्मेट होतं. त्यांना ऐकू आलं, “बॅटरी! बॅटरी!”

त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. सापडली! ह्यांना बॅटरी दिसली! आरशात बघतात तर पिवळं जाकीट घातलेला सरकारी माणूस हात उंचावून पळत येतोय. एक्काहत्तर वर्षं नाकासमोर चालणाऱ्या माणसाने अशा वेळी थांबायला हवं होतं. पण काकांच्या पायांनी डोक्याला विचारलंच नाही. अंगठ्याने नॉर्मलचं बटण दाबलं आणि ते सुटले.

निम्म्या चढावर औषधाचं आणखी एक दुकान आहे. दुकानाच्या पायरीवर औषधवाल्यांची कुत्री झोपलेली असते. पांढरी, गुबगुबीत, सगळीकडून गोल, म्हणून तिला सगळे गोळी म्हणतात. गोळी उठते ती फक्त जेवायला आणि तेही जेवण नाकाशी आणून ठेवलं तर. त्या दिवशी तिच्या नाकाशी साय-साखरेचा वास आला आणि निघून गेला. गोळीने डोळे उघडले. जेवण पळून जातंय हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. ती उठली, भुंकली आणि मागे धावली.

औषधवाले काउंटरवरून हे बघत होते. कुत्री धावतेय यावर त्यांचा आधी विश्वासच बसेना. मग ते पांढऱ्या कोटासकट बाहेर पडले. “अहो काका, थांबा! गोळी! गोळी!”

हे मात्र काकांना अगदी स्पष्ट ऐकू आलं.

“गोळी?” काकांचं धाबं दणाणलं. एवढ्या तेवढ्या बॅटरीसाठी गोळी घालणार? आरशात आता पिवळ्या जाकिटाच्या जोडीला एक पांढरा कोटवालाही होता. इतकं सगळं होऊनही काकांच्या तोंडून सवयीने निघालंच, “ब्याण्णव.” आणि मग त्यांना नियम आठवला. संकटात भार कमी करा.

ते एका हाताने टोपलीतले पाव उचलून मागे फेकू लागले. पहिला पाव गोळीच्या डोक्यावरून गेला. तिने ढुंकून बघितलं नाही. केक समोर असताना पाव कोण खातो? दुसरा मुकादमांच्या छातीवर बसला. त्यांनी तो झेलला. तिसराही झेलला. का झेलतोय हे त्यांचं त्यांनाही कळत नव्हतं, पण अन्न खाली पडू द्यायचं नाही असं आईने शिकवलेलं.

पाव संपले. चढ सगळ्यात उभा झाला. काकांचा दम भरून आला. त्यांनी हँडलकडे बघितलं, चिकटपट्टीकडे बघितलं, आणि नखाने ती टराटरा ओढून काढली.

टर्बो.

काका नंतर सांगायचे, कुणीतरी पाठीवर हात ठेवून ढकललं असं वाटलं. लहानपणी सायकल शिकताना ताई मागून सीट धरून धावायच्या, अगदी तसं. झाडं भराभर मागे जायला लागली. कुंपणावरचं मांजर बघता बघता मागे पडलं. गुडघा कुरकुरत नव्हता. कुरकुरायला त्याला सवडच नव्हती. पोटातून काहीतरी वर आलं आणि तोंडातून बाहेर पडलं, “हूऽऽऽर्रर्र!” काकांनी दचकून आजूबाजूला बघितलं. रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं. म्हणजे ओरडणारे तेच. मग ते पुन्हा ओरडले, या वेळी जरा मोठ्याने.

वर ताईंच्या अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. एक्स्चेंजमधल्या जुन्या मैत्रिणी आल्या होत्या, सगळ्या एकाच वेळी बोलत होत्या आणि सगळ्यांना सगळं ऐकू येत होतं. एवढ्यात फाटकातून काका आत घुसले, मागे पट्टी, पट्टीमागे शंकू. सगळ्या बायका पाय वर घेऊन बसल्या.

काकांनी टर्बोवरच्या सायकलवरून उतरण्याचा सराव कधी केलाच नव्हता. हॉलमधली सायकल उभीच असायची. त्यामुळे ते अंगणात गोल गोल फिरू लागले. बोलणंही तसंच, फेरीफेरीने झालं.

“ताई, मला लपव!” ही पहिली फेरी.

“मागे सरकारी माणसं आहेत!” ही दुसरी.

“गोळी घालणार आहेत!”

“आधी उतरा तरी!” काकू ओरडल्या.

“कसं ते माहीत नाही!” काका पाण्याच्या पिंपाला वळसा घालून पुन्हा समोर आले.

“अहो, ब्रेक दाबा, ब्रेक!”

पस्तीस वर्षं दुसऱ्यांचे ब्रेक तपासलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर उजेड पडला. त्यांनी ब्रेक दाबला. सायकल जागच्या जागी थांबली, आणि काका अलगद वाळत घातलेल्या चादरींमध्ये कलंडले. चादर अंगाभोवती गुंडाळली गेली. त्यांनी ती तशीच राहू दिली. लपायला बरी होती.

काकूंनी सायकल धरली आणि खोका उघडून बघितला. केक शाबूत होता. फक्त वरचा साखरेचा ७५ आकडा होता, त्यातला पाच घसरून खोक्याच्या कोपऱ्यात जाऊन पडला होता. केकवर नुसताच सात राहिला होता.

“राहू दे,” ताई म्हणाल्या. “तेवढंच वाटतंय आज.”

मग फाटकातून गोळी आली. ती केकपर्यंत पोचली, केकखाली आडवी झाली आणि तिथेच झोपली. खायचं त्राण उरलं नव्हतं. तिच्यामागून मुकादम आले, छातीशी पाव कवटाळलेले. त्यांच्यामागून औषधवाले, एका हाताने फाटकाचा खांब धरून, दुसऱ्याने स्वतःची नाडी बघत.

चादर हलली. काका दोन्ही हात वर करून बाहेर आले.

“मी कबूल करतो,” ते म्हणाले. “बॅटरी आहे.”

“कसली... बॅटरी?” मुकादमांना धाप लागली होती.

“इलेक्ट्रिक. सीटच्या खालच्या दांड्यात. पण बायकोचा यात काही संबंध नाही.”

“अहो काका, पट्टी! आमची पट्टी तुमच्याबरोबर आलीय. रस्ता उघडा पडलाय तिकडे. आणि हे पाव कुणाचे?”

काकांनी हळूच औषधवाल्यांकडे, त्यांच्या कोटाच्या खिशाकडे बघितलं. “आणि... गोळी?”

“ही काय!” औषधवाले केकखालच्या पांढऱ्या ढिगाऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले. आणि एकदम त्यांचे डोळे भरून आले. “धावली हो! जनावरांचे डॉक्टर दोन वर्षं सांगतायत, हिला पळवा, हिला पळवा. मी बिस्किटं दाखवली, चेंडू टाकले, स्वतः रांगून दाखवलं. काका, तुम्ही उद्या याच वेळेला याल का?”

ताईंच्या मैत्रिणी आता इतक्या हसत होत्या की एकीची कवळी टेबलावर आली. काकू तर खुर्चीच्या पाठीला धरून वाकल्या होत्या. काका थोडा वेळ घुश्शात उभे राहिले. पण हसणाऱ्या घोळक्यात एकट्याने गंभीर राहायला फार ताकद लागते, आणि त्यांची सगळी ताकद चढावर खर्च झाली होती. त्यांच्या खांद्यांना हिसके बसू लागले. मग तेही हसले, तोंडावर हात न ठेवता, अगदी खदाखदा.

केक कापला. मुकादमांना दोन तुकडे दिले. ते संपवून, पट्टी गुंडाळून मुकादम निघाले तसे काका उठले. “मी येतो बरोबर.”

“कशाला?” काकूंनी विचारलं.

“पट्टी नीट बांधून द्यायला नको?”

“ते बांधतील की.”

“मग... सोबत म्हणून.” काका सायकलकडे चोरून बघत होते. “खाली जाईन आणि लगेच वर येईन. वर यायचंच तर आहे खरं म्हणजे.”

“ताकाला जाऊन भांडं कशाला लपवताय? सांगा ना, पुन्हा टर्बो दाबायचाय म्हणून!”

काका काही उत्तर देणार, एवढ्यात घंटी वाजली. सायकलवर ताई बसल्या होत्या.

“वन्सं!” काकू किंचाळल्या. “अहो वन्सं, तुम्ही पंचाहत्तर वर्षांच्या!”

“केकवर काय लिहिलंय ते वाच,” असं म्हणून ताईंनी पेडल मारलं आणि त्या फाटकाबाहेर गेल्या. टेकडीच्या माथ्यावरून एक सपाट रस्ता गोल फिरून येतो, त्या रस्त्याला लागल्या. दिसायच्या बंद झाल्या तरी ऐकू येत होत्या. “बाजूला! बाजूला व्हा! नवीन आहे मी!”

सगळे फाटकाशी येऊन उभे राहिले. आवाज लांब लांब जात राहिला आणि मग तोही थांबला. काकांचा चेहरा उतरला. ते रस्त्यावर जाऊन उभे राहिले, तळहाताचा आडोसा करून बघत. मघाची मौज कुठल्या कुठे गेली. “लहानपणी तीच मला सोडायची नाही,” ते काकूंना म्हणाले. “सीट घट्ट धरून ठेवायची. आणि मी बघ, जाऊ दिलं.”

“येतील,” काकू म्हणाल्या, पण त्याही टाचा उंचावून बघत होत्या.

ताई आल्या त्या भलत्याच बाजूने, मागच्या बोळातून. एक चप्पल कुठेतरी राहिली होती. अंबाडा सुटून पाठीवर आला होता. त्यांनी काकांच्या समोर झोकात ब्रेक दाबला, पाय टेकला आणि म्हणाल्या, “छोट्या, मला अश्शीच घेऊन दे. पण लाल.”

काकांनी त्यांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग म्हणाले, “चप्पल कुठंय?”

“वळणावर. परत जाऊन आणू?”

“मी आणतो!” काका म्हणाले आणि कुणी काही बोलायच्या आत सायकलवर बसून निघून गेले. एक चप्पल आणायला त्यांना इतका वेळ लागला की तोवर पाहुण्या निरोप घेऊन गेल्यासुद्धा.

आता आमच्या बिल्डिंगखाली दोन बॅटरीवाल्या सायकली उभ्या असतात, एक काकांची, एक काकूंची. टेकडीवर ताईंची लाल. रविवारी तिघं कालव्याच्या रस्त्याने लांब जातात. संध्याकाळी कुठल्याशा गावच्या पेरूंच्या पिशव्या घेऊन येतात आणि जिन्यात प्रत्येकाच्या हातात पेरू ठेवतात, घ्यायचा असो वा नसो.

मागच्या रविवारी माझी साधी सायकल घेऊन मीही गेलो. पहिल्या वळणावरच ते तिघं दिसेनासे झाले. मी आपला घाम पुसत, धापा टाकत गेलो, तेव्हा एका उताराच्या तळाशी सापडले. पेडल न मारता उतारावरून कुणाची सायकल सगळ्यात लांब जाते, अशी पैज लागली होती. काकू पुलापर्यंत गेल्या होत्या. ताई पुलाच्या थोडं अलीकडे. काका सायकलसकट रस्त्याकडेच्या झुडपात होते. फक्त दोन हात बाहेर होते आणि एका हातात तुटलेली फांदी होती.

“काका, लागलं का?” मी धावत जाऊन विचारलं.

“लागलंबिगलं काही नाही,” आतून आवाज आला. “पण ही फेरी धरायची नाही. वारा आडवा होता.”

“वारा सगळ्यांनाच आडवा होता!” पुलावरून काकू ओरडल्या.

“मला जास्त आडवा होता,” काका म्हणाले आणि पाना-काट्यांतून बाहेर यायला माझ्याकडे हात पुढे केला.